पित्त म्हणून किती दिवस सोसायचं? मायग्रेन ओळखण्यापासून आवरण्यापर्यंत

साताऱ्यात कुणाचं डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळलं की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, पित्त झालंय, काल वडे खाल्लेस ना. माझं मेडिकल आहे, त्यामुळे हे वाक्य मी रोजच ऐकतो आणि पुढची मागणी पण ठरलेली, एक अ‍ॅसिडिटीची गोळी आणि दोन डोक्याच्या. यातल्या बऱ्याच जणांना पित्ताचा त्रास मुळात नसतोच, मायग्रेन असतं, म्हणजे आपली जुनी अर्धशिशी, आणि उलटी हा त्या अर्धशिशीचाच भाग असतो. उलटी झाली की डोकं उतरतं हे खरंय, पुष्कळांचं तसं होतं, पण म्हणून पोटामुळे डोकं दुखलं असं नाही ठरत, अटॅक चालू असताना पोटाचंच काम मंदावतं आणि मळमळ सुटते. हे एकदा पटलं की वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाणं तरी थांबतं. काउंटरवर गर्दीत हे सगळं सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधं शिकलेला माणूस आहे, त्यामुळे नवीन गोळी आणि डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१. आधी धोक्याची डोकेदुखी बाजूला काढा

मायग्रेन जीव नकोसा करतं पण सहसा जिवावर बेतत नाही. काही डोकेदुख्या मात्र बेततात, त्या आधी बघू. मिनिटाभरात एकदम टोकाला गेलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि सोबत मान ताठ होणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, फिट येणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं. डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेली आणि वाढतच चाललेली डोकेदुखी. यातलं काहीही दिसलं तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा नाहीतर मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात न्या, आपल्याकडे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, कराडकडच्यांना कृष्णा हॉस्पिटल जवळ पडतं.

काही डोकेदुख्यांना अॅम्ब्युलन्स लागत नाही पण डॉक्टर लागतोच. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच सुरू झालेली, खोकलं किंवा वाकलं की वाढणारी, नेहमीची पण अलीकडे तऱ्हा बदललेली, किंवा आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला नव्यानं लागलेली. गरोदर बाईचं किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं नव्यानं दुखायला लागलं तर त्याच दिवशी बीपी तपासून घ्या. आणि म्हाताऱ्या माणसाचं कानशील दुखतंय, चावताना जबडा दुखतोय, नजर अंधुक होतेय असं असेल तर तेही त्याच दिवशीचं काम आहे, उद्यावर ढकललं तर दृष्टी जाऊ शकते.

२. मायग्रेनच आहे का ते बघा

रक्ताची कुठली टेस्ट नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही. लक्षणं नीट ऐकून, तपासूनच डॉक्टर निदान करतात. गोळी घेतली नाही किंवा घेऊनही लागू पडली नाही तर अटॅक ४ ते ७२ तास चालतो. दुखणं बहुतेकदा एका बाजूला, ठणकल्यासारखं, हातातलं काम सोडायला लावणारं, आणि जिना चढला किंवा नुसतं चाललं तरी वाढणारं. या चारातली निदान दोन लक्षणं पाहिजेत. त्याच्या जोडीला मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसं होणं. असे निदान ५ अटॅक येऊन गेले असतील तर डॉक्टर मायग्रेन म्हणतात. सगळं डोकं दुखलं म्हणजे मायग्रेन नाही हा गैरसमज आहे, ते दोन्ही बाजूंनाही दुखू शकतं.

सगळ्यात सोपी खूण मी लोकांना अशी विचारतो की डोकं दुखताना तुम्ही काय करता. जो म्हणतो की बाम चोळतो आणि काम उरकतो, त्याची बहुधा ताणाची डोकेदुखी असते, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी. जो म्हणतो पडदे ओढून, ओढणी घट्ट बांधून पडून राहतो, टीव्ही बंद करा म्हणून पोरांवर ओरडतो, त्याचं बहुधा मायग्रेन.

सायनस म्हणून उपचार घेणारे पण खूप आहेत. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं आणि डोळ्यातनं पाणी येतं, पण खऱ्या सायनसच्या इन्फेक्शनमध्ये घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, बऱ्याचदा ताप असतो. मानेचंही तसंच, अटॅकच्या आधी आणि अटॅकमध्ये मान आखडते, मग लोक स्पॉन्डिलायटिसचा पट्टा बांधून फिरतात. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हरकत नाही, पण उलट्या होईपर्यंत डोकं दुखणं सहसा नंबरमुळे नसतं. एमआरआयचं विचाराल तर चित्र मायग्रेनचंच असेल, डॉक्टरांच्या तपासणीत काही वेगळं नसेल आणि वर सांगितलेलं धोक्याचं काही नसेल तर बहुतेकदा गरज पडत नाही, ते पैसे वाचवा.

३. आत नेमकं होतं काय

थोडक्यात सांगतो. हा मेंदूचा आणि नसांचा आजार आहे, बराचसा घराण्यातनं येतो, आईला असेल तर मुलीला असण्याची शक्यता चांगलीच. अशा माणसाचा मेंदू बदलाला जास्त हळवा असतो. चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस चेतते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं आणि मेंदूच्या आवरणाच्या रक्तवाहिन्यांभोवती ठणका सुरू होतो. यावर संशोधन करणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. डोळ्यांपुढे चमकणं ज्यांना होतं त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेच्या हालचालीची एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर या वेगानं सरकत जाते, ही लाट १९४४ मध्ये ब्राझीलच्या लिआओ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत नोंदवली होती. म्हणजे नाटक, कामचुकारपणा, मनाचे खेळ यातलं काही नाही हे सासरी-माहेरी सगळ्यांना सांगायला हरकत नाही.

४. प्रकार

बहुतेकांना साधं मायग्रेन असतं, आधी डोळ्यांपुढे चमकणं वगैरे न होता येणारं. दुसरं ऑरावालं, यात डोकं दुखायच्या आधी वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसतात, नजरेत एक आंधळा ठिपका येतो, कधी बोटांपासून मुंग्या सुरू होऊन हातावरनं गालापर्यंत चढतात, शब्द सापडत नाहीत. हे हळूहळू पसरतं, ५ मिनिटं ते तासाभरात उतरतं. पॅरालिसिसच्या झटक्यात असंच काहीतरी एकदम, क्षणात होतं, हा फरक लक्षात ठेवा, पण पहिल्यांदाच होत असेल तर घरी बसून फरक ओळखायच्या भानगडीत न पडता लगेच दवाखाना गाठायचा. काहींना ऑरा येतो आणि डोकं दुखतच नाही. चक्कर येणारं वेस्टिब्युलर मायग्रेन आहे, पाळीच्या आसपास येणारं आहे, आणि एका बाजूचा हातपाय काही काळ कमजोर पडणारं एक दुर्मिळ आहे. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ, आणि त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनसारखे, तर ते क्रॉनिक. क्रॉनिकवाल्यांनी सातवा मुद्दा दोनदा वाचा.

५. कालनिर्णयवर खुणा करा

मोबाईलमध्ये अॅप आहेत, पण माझं मत विचाराल तर भिंतीवरच्या कालनिर्णयला तोड नाही. ज्या दिवशी डोकं दुखलं त्या तारखेवर लाल गोल, गोळी घेतली तर शेजारी नाव आणि किती, पाळी आली तर निळी खूण. बास. गंमत अशी की त्या चौकोनात एकादशी-चतुर्थी आधीच छापलेली असते.

कोरेगाव बाजूच्या एक शिक्षिका आमच्याकडे नेहमी गोळ्या न्यायच्या. त्यांना मी हे करायला सांगितलं, तर त्या चार महिन्यांची पानं घडी घालून घेऊन आल्या. काउंटरवर उलगडली तर लाल गोल प्रत्येक संकष्टीला नाहीतर तिच्या दुसऱ्या दिवशी, आणि बरेचसे सोमवारी. संकष्टीला सकाळी चहा नाही, दिवसभर नीट खाणं नाही, चंद्रोदय होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. रविवारी उशिरापर्यंत झोप, सोमवारी पहाटे उठून शाळेची गाडी. "म्हणजे दादा, उपास सोडू का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "मॅडम, उपास करा की, पोट रिकामं नका ठेवू." दर तीनचार तासांनी राजगिऱ्याचा लाडू, दही, केळं, शेंगदाणे, भरपूर पाणी, आणि रोज चहा लागत असेल तर तो एकदम तोडायचा नाही, कारण चहा-कॉफी अचानक बंद झाली तरी डोकं उठतं. नवरात्रात, श्रावणी सोमवारात हेच.

बाकी कारणं आपल्या भागातली बघा. माण-खटावच्या उन्हात डोक्याला काही न बांधता उभं राहणं. एमआयडीसीतली शिफ्ट, आठवडा दिवसपाळी आठवडा रातपाळी. गणपतीतला डीजे आणि त्याच्या त्या लेझर लाइट, त्यावर वेगळा लेख होईल. जून-जुलैत लोणंद-फलटणला वारीत चालणाऱ्यांना ऊन, अपुरी झोप आणि एकादशी असं तिन्ही एकदम गाठतं. पसरणी घाटातली वळणं. उग्र वासाचं अत्तर, अगरबत्ती, मिरचीची फोडणी. दारू. लग्नकार्याची धावपळ संपून निवांत बसल्यावर येणारा अटॅक, हा तर फार जणांना येतो.

एकटं कारण बऱ्याचदा पुरत नाही, दोनतीन जमली की अटॅक येतो, म्हणून एखाद दिवशी उन्हात जाऊनही काही होत नाही आणि माणूस म्हणतो उन्हाचा संबंध नाही. आणि एक उलटं प्रकरण पण आहे. अटॅकच्या आधी काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत जांभया येणं, चिडचिड, सारखं लघवीला होणं, गोड खावंसं वाटणं असं होतं, म्हणजे पेढा खाल्ल्यामुळे डोकं दुखलं असं वाटतं तेव्हा कदाचित अटॅक सुरू झाला होता म्हणून पेढा खावासा वाटला. त्यामुळे कुणीतरी दिलेली "हे खाऊ नका"ची लांबलचक यादी पाळत बसू नका, तुमच्या खुणा सांगतील तेवढंच टाळा.

६. अटॅक आला की हे करा

लवकर गोळी घेणं ही यातली निम्मी लढाई आहे. लोक काय करतात, बघू थांबतंय का म्हणत दोनतीन तास काढतात, मग उलट्या सुरू झाल्यावर गोळी घेतात, तोवर पोट मंदावलेलं असतं, गोळी आतच पडून राहते नाहीतर उलटून पडते. हे मायग्रेनच आहे अशी खात्री पटली की दुखणं सौम्य असतानाच घ्या.

घ्यायचं काय? सौम्य अटॅकला मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल चालतं, डोस साधारण १००० मिलिग्रॅम, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर कमी. त्यानं भागत नसेल तर आयब्युप्रोफेन ४०० किंवा नॅप्रोक्सेन ५००, पण अल्सर, किडनी, हृदय, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काही असेल तर ही स्वतःच्या मनानं घ्यायची नाहीत. ताप असेल आणि डेंग्यूची साथ चालू असेल तर फक्त पॅरासिटामॉल. मळमळ होत असेल तर डॉक्टर सोबत डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड देतात, त्यानं पोट हलतं आणि वेदनेची गोळी पण चांगली लागू पडते.

यानंही जमत नसेल तर ट्रिप्टान. सुमाट्रिप्टान १९९१ पासून बाजारात आहे, रिझाट्रिप्टान पण आपल्याकडे मिळतं, चिठ्ठीवरच. या गोळ्या खास मायग्रेनसाठी आहेत आणि मला वाटतं आपल्याकडे गरजेपेक्षा फार कमी लिहिल्या जातात, लोक साध्या पेनकिलरवरच वर्षं काढतात. हृदयविकार, पॅरालिसिस होऊन गेलेला, बीपी ताब्यात नसलेलं, अशांना मात्र चालत नाहीत. पहिली गोळी लागू पडली आणि दुखणं परत आलं तर निदान दोन तासांनी दुसरी घेता येते, पहिलीनं काहीच फरक पडला नाही तर त्याच अटॅकला दुसरी घेऊन उपयोग नाही. रोज प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान ५ मिलिग्रॅमचीच, १० ची नाही, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. अर्गोटामीन असलेल्या जुन्या गोळ्या अजून खपतात, त्या आणि ट्रिप्टान एकाच दिवसात मिसळायच्या नाहीत आणि गरोदरपणात अर्गोटामीनला हात लावायचा नाही.

गोळी घेतली की अंधारी शांत खोली, कपाळाला नाहीतर मानेला थंड पट्टी, घोट घोट पाणी, जमलं तर झोप. अटॅक उतरल्यावर पण एखादा दिवस डोकं जड, अंगात त्राण नाही असं राहतं, त्या दिवशी लगेच कासचा प्लॅन करू नका.

७. गोळ्यांचा हिशोब

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो काउंटरवर रोज डोळ्यासमोर घडतो. सुरुवातीला महिन्यातनं दोन गोळ्या नेणारा माणूस वर्षभरानं दर आठवड्याला अख्खी स्ट्रिप नेतो. विचारलं तर म्हणतो डोकं वाढलंय म्हणून गोळ्या वाढल्या. बऱ्याचदा गोळ्या वाढल्या म्हणून डोकं वाढलेलं असतं. मर्यादा अशी, साधं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा कॅफीन वगैरे घातलेल्या मिश्र गोळ्या महिन्यातले १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करायला लागते. दिवस मोजायचे, गोळ्या नाही. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे आठवड्यातनं दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

आधीच यात अडकला असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती गोळी थांबवायची, पहिले काही दिवस ते आठवडे डोकं जास्त दुखतं, मग बहुतेकांचं उतरतं. ट्रामाडॉलसारख्या गुंगीच्या गोळ्या किंवा झोपेच्या गोळ्या मात्र एकदम तोडायच्या नाहीत.

८. रोजची गोळी कधी

महिन्यातले चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा दिवस कमी पण कामाची वाट लागत असेल तर अटॅक येऊच नये म्हणून रोजची गोळी सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल, दमा असलेल्यांना नको आणि एकदम बंद करायची नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, रात्री १० मिलिग्रॅमपासून, झोप बरी लागते, तोंड कोरडं पडतं. "ही तर डिप्रेशनची गोळी आहे" म्हणून बरेच जण नेटवर वाचून परत करायला येतात, मायग्रेनसाठी ती कमी डोसमध्ये देतात, घाबरू नका. फ्लुनारिझिन, यानं भूक आणि वजन वाढतं, मन उदास राहत असेल तर आधी सांगा. टोपिरामेट, वजन कमी होतं, बोटांना मुंग्या येतात, पाणी भरपूर प्यावं लागतं नाहीतर मूतखडा, आणि अचानक डोळा दुखला किंवा धूसर दिसलं तर लगेच डॉक्टर. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना टोपिरामेट फार जपून आणि व्हॅल्प्रोएट शक्यतो नाहीच, पोटातल्या बाळाला अपाय होतो.

यातली कुठलीही गोळी आठ दिवसांत चालत नाही. आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि लोक पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडतात. अटॅक निम्म्यावर आले तरी ते यश समजा. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन स्वस्त आहेत, जनऔषधी दुकानात अजून स्वस्त पडतात. हे मी स्वतः दुकानदार असून सांगतोय.

गोळ्यांनी भागलं नाही तर क्रॉनिकवाल्यांसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, डोकं-मानेवर ३१ ठिकाणी, दर १२ आठवड्यांनी. सीजीआरपी अडवणारी इंजेक्शनं पण आली आहेत, त्यातल्या पहिल्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, पण ती महाग असतात आणि न्यूरॉलॉजिस्टच ठरवतात.

९. बायकांसाठी वेगळं

पुरुषांपेक्षा बायकांमध्ये मायग्रेन जवळजवळ तिप्पट आहे, हॉर्मोनमुळे. ऑरावालं मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या संतती नियमनाच्या गोळ्या नकोत, पॅरालिसिसचा धोका वाढतो. आशाताई देतात ती माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी दोन्ही याच प्रकारातल्या. कॉपर-टीसारखे दुसरे पर्याय आहेत, डॉक्टरीण बाईंना "मला डोळ्यांपुढे चमकतं" हे सांगाच, त्या विचारतील याची वाट बघू नका. मिसरी किंवा सिगारेट असेल तर तेही सांगा. पाळीतलं मायग्रेन साधारण दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत येतं, तारखा नियमित असतील तर तेवढेच पाचसहा दिवस आधीपासून गोळी देता येते. गरोदरपणात पुष्कळ जणींचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर कमी होतं, लागलंच तर पॅरासिटामॉल. पाळी जायच्या वयात वाढतं, गेल्यावर बहुतेकींचं शांत होतं.

मुलांचं अजून वेगळं. अटॅक लहान, दोन्ही बाजूंना. काहींचं डोकं न दुखता पोटच दुखतं, उलट्या होतात, आणि मधल्या काळात पोर ठणठणीत. महाबळेश्वरला जाताना ज्या पोराला घाट हमखास लागतो त्याला पुढे मायग्रेन होण्याची शक्यता जरा जास्त. सोळा वर्षांखालच्यांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही.

१०. घरगुती उपाय

सुंठेचा लेप, बाम, थंड पट्टी, ओढणी बांधणं, करा, बरं वाटत असेल तर नुकसान नाही. आल्याचा चहा मळमळीला बरा. सलूनमध्ये डोक्याची मालिश चालेल पण मान कडकन मोडून घेणं अजिबात नाही, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पॅरालिसिस होऊ शकतो. घटकद्रव्यं न लिहिलेल्या पुड्या, "मुळापासून बरं" म्हणून मिळणाऱ्या, त्यांच्यापासून लांब राहा, त्यात स्टेरॉइड निघू शकतात. रोजचा अर्धा तास चालणं, ठरलेल्या वेळी झोप, ठरलेल्या वेळी जेवण, याला मात्र खरंच पुरावा आहे.

११. डॉक्टरकडे जाताना

आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन पुरतो, प्रत्येकाला पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पळायची गरज नाही. सोबत तीन महिन्यांची कालनिर्णयची पानं, आत्तापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, अगदी मेडिकलमधनं आपल्या मनानं आणलेल्या पण, एका पिशवीत घालून न्या. दमा, बीपी, गरोदरपणाचा विचार, घरात कुणाला आहे का, एवढं आपणहून सांगा. रोजची गोळी सुरू झाली तर त्याच दिवशी तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा, मधे बरं वाटलं तरी त्या तारखेला दाखवायला जायचं, कारण गोळी वाढवायची का हळूहळू उतरवायची हे त्याच भेटीत ठरतं.